हां म्हटलं की पुढं

मुलांच्या वाचनाला घड्याळ लावणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवणार नाही. परवा मैत्रीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेतून छापील चिठ्ठी आली. ती दुसरीत आहे. पुढच्या आठवड्यात वाचनाची चाचणी आहे, प्रत्येक मूल एका मिनिटात किती शब्द वाचतं ते मोजलं जाईल, तरी पालकांनी रोज घड्याळ लावून सराव करून घ्यावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली बाईंची सही आणि सहीशेजारी एक हसरा चेहरा काढलेला. त्या चेहऱ्याचा मला जास्त राग आला.

नवरा हौशी आहे. अंबडच्या कारखान्यातून सुटल्यावर तो वाटेत थांबला आणि गजराचं लाल घड्याळ घेऊनच घरी आला. जेवणाच्या टेबलावर ते ठेवून म्हणाला, "चल मैतू, रेडी, स्टार्ट!" पोरगी सुटली. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तुडवत गेली आणि श्वास संपला तिथे थांबली. मी विचारलं, "काय झालं गं त्या गोष्टीत?"

"ते नाही विचारणार, आई," ती म्हणाली. "फक्त किती वाचलं ते बघणारेत."

खोटं काहीच बोलली नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आदळली. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या विहाराचा कर्णा सुरू झाला. आषाढी पौर्णिमा होऊन गेली होती, वर्षावास लागला होता. पावसाचे तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी आमच्या समाजात ग्रंथ वाचतात. कर्ण्यावर कुणीतरी घसा साफ केला, आणि माझं मन थेट पिंपळगावला जाऊन बसलं. दरवर्षी जातं. मला नको असतं, तरी जातं.

पिंपळगाव बसवंत म्हटलं की लोक द्राक्षं म्हणतात. माझ्या पिंपळगावला कांद्याचा वास आहे, तोही पावसाळ्यातल्या. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीतून बाहेर निघायचा, व्यापाऱ्यांच्या खळ्यावर त्याचे ढीग पडायचे आणि आमच्या वस्तीतल्या बायका दिवसभर तिथे उकिडव्या बसून कांदा निवडायच्या. मोठा एका बाजूला, मध्यम एका बाजूला, बारकी गोल्टी निराळी, सडका पार लांब. सडक्या कांद्याचं पाणी चिखलात मिसळलं की जो वास सुटतो, त्याला शब्द नाही. तो वास आईच्या पदराला असायचा, हाताला असायचा, साबणाने जायचा नाही. केसात एखादं लालसर टरफल अडकलेलं असायचं. तशीच ती घरी यायची, हातपाय धुवायची, पांढरं लुगडं नेसायची आणि मला घेऊन विहारात जायची.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात चपलांचा चिखल, आत दोन सतरंज्या, एक बल्ब, भिंतीला मूर्ती आणि तसबीर. वंदना झाली की गायकवाडकाका चौरंगावर ग्रंथ ठेवून वाचायला बसत. ते एस.टी. आगारात होते, वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मी चौथीत गेले त्या वर्षी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि हिरवी पट्टी बांधून ते भिंतीला टेकून बसू लागले. वाचणार कोण? पुरुषांपैकी जे दोघेतिघे वाचू शकत होते ते कामावरून उशिरा यायचे. काकांनी मला हाक मारली. "सुजाता, ये इकडं. वाच बरं, येईल तसं."

पहिल्या संध्याकाळी मी शाळेत वाचतात तसं वाचलं. जोरात, एका दमात. अर्धं पान झालं असेल, तोच पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "अगं थांब ना! केवढी पळती! मला कळू तर दी."

बायका हसल्या. मी लाजले. आई मात्र हसली नाही. ती एक इयत्ता शिकलेली नव्हती, तिला अंगठ्याखेरीज काही येत नव्हतं, पण ऐकायला आली होती ती ऐकायलाच आली होती. ती म्हणाली, "असं कर. एक वाक्य वाच. मला कळलं का मी हां म्हणंन. हां म्हटलं का पुढं जायचं. न्हाय म्हटलं तर परत वाच."

हा आमचा नियम झाला. मी वाक्य वाचायची आणि थांबायची. पत्र्यावर पाऊस असायचा. मग पहिल्या रांगेतून "हां" यायचं, त्याच्यामागून आणखी चारदोन "हां" यायचे, आणि मी पुढे जायची. कधीकधी हां यायचंच नाही. सगळ्या गप्प. मग मी तेच वाक्य पुन्हा वाचायची, जरा हळू. तरी गप्प, तर तिसऱ्यांदा, तुकडे करून. लांबलचक वाक्य कुठे मोडलं म्हणजे बायकांच्या घशाखाली उतरतं, हे मला आठ-दहा दिवसांत समजू लागलं. हे मला कुणी गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. एका नदीच्या पाण्यावरून दोन कुळांचं भांडण लागतं, तो भाग होता. वाक्य मोठं होतं, त्यात अवघड शब्द होते. मी वाचलं. गप्प. पुन्हा वाचलं. गप्प. तिसऱ्यांदा मी ते मोडून मोडून वाचलं, आणि आई एकदम मांडीवर थाप मारून म्हणाली, "हां! म्हंजी पाटाच्या पाण्यासारखं! आधी कुणी घ्यायचं!" मग काय विचारता. पाटाचं पाणी, कुणी कुणाच्या वाफ्याचं दार फोडलं, कुणाच्या डोक्यात फावडं घातलं, सगळ्या एकदम बोलू लागल्या. काका पट्टीखालून हसत होते. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं वाचतोय, पण हे भांडण आज झालं आपल्या विहारात." मी चौरंगामागे बसून होते. मला वाटलं, हे मी केलं. एवढा आनंद मला नंतर कुठल्याच परीक्षेने दिला नाही.

काकांचे डोळे बरे झाले, पट्टी निघाली. तरी ग्रंथ माझ्यापुढेच राहिला. आश्विन पौर्णिमेला समाप्ती असते. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले पाहुणे येतात, खीर असते, आणि शेवटचं पान वाचणाऱ्याला सगळ्यांपुढे उभं करून फूल देतात. शेवटचं पान मीच वाचायचं, असं काकांनी सांगून टाकलं होतं. आईने पांढरं कापड आणलं आणि माझा फ्रॉक शिवायला टाकला. खळ्यावर कांदा निवडता निवडता ती बायकांना सांगायची, "माझी सुजी वाचणार हाय पुनवंला." मला तेवढं एकच हवं होतं. खीर नको, फूल नको, ते पान हवं होतं.

आणि पोळा झाल्यावर शाळेत साहेब आले.

तालुक्याहून आले होते. सफारी सूट, खिशाला दोन पेनं. वाचनाची तपासणी करायची होती. गुरुजींनी सकाळीच आम्हाला नखं कापून बसवलं होतं. साहेबांना गुरुजींची खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. चहा पिताना साहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तळहातावर धरलं. एकेक मूल पुढे जायचं, साहेब म्हणायचे "वाच", आणि घड्याळाकडे बघायचे. मुलाकडे नाही. एका मिनिटाने म्हणायचे "बस".

माझा नंबर आला. उतारा समोर होता. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे, मरेपर्यंत राहील. 'मोरूच्या शेतात एक जुनी विहीर होती.' मी ते स्वच्छ वाचलं आणि थांबले.

साहेब घड्याळ बघत होते.

मी वाट पाहिली. हां आलं नाही. म्हणजे त्यांना कळलं नाही. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. 'मोरूच्या शेतात एक जुनी विहीर होती.' साहेबांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. बोलले काहीच नाहीत. मला त्यांची दया आली, खरंच सांगते. एवढा मोठा माणूस, दोन पेनं लावलेला, आणि एवढं सोपं वाक्य कळेना. आमच्या वस्तीत राधामावशी होती, तिला कमी ऐकू यायचं. तिच्यासाठी वाचायची तसं मी त्यांच्यासाठी वाचलं. 'मोरूच्या शेतात... एक जुनी... विहीर होती.' आणि काळजीने विचारलं, "कळलं का आता?"

वर्ग फिदीफिदी हसला. साहेब "बस" म्हणाले. गुरुजींनी माझा कान धरला आणि मला जागेवर नेऊन बसवलं. बसता बसता त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. "एकाच ओळीवर अडकते," साहेब म्हणाले. गुरुजी म्हणाले, "वस्तीतली आहे साहेब. घरी सगळा अंधार. तेवढी एक ओळ कुठूनतरी पाठ केली असेल." साहेबांनी माझ्या नावापुढे 'क' लिहिला. वाचता येत नाही.

मी आता चाळिशीला आले, पोरीची आई आहे. पदवी झाली, नोकरी आहे, ऑफिसात लोक माझ्याकडून मसुदे तपासून घेतात. तरी तो माणूस आज रस्त्यात भेटला, तर मी त्याला नमस्कार करणार नाही. कुणी म्हणेल, त्याचं काय चुकलं, त्याला वरून जे सांगितलं ते त्याने केलं. चुकलं! एक मुलगी तेच वाक्य तीनदा बिनचूक वाचते आणि विचारते कळलं का, तेव्हा तोंड उघडून "का गं?" एवढं विचारायला काय लागत होतं? माझी आई खळ्यावर हजारो कांदे निवडायची, पण सडका म्हणून टाकण्याआधी प्रत्येक कांदा अंगठ्याने दाबून बघायची. या माणसाने तेवढंही केलं नाही. चहाला मात्र पूर्ण वेळ दिला.

दुसऱ्या दिवसापासून 'क'वाल्या मुलांना दाराजवळच्या पट्टीवर बसवलं. बाकीचा वर्ग पुढचा धडा शिकायचा आणि आम्ही बाराखडी गिरवायचो. क, का, कि, की. पावसाची झड दारातून आत यायची आणि पाटी भिजायची. दिवसभर मी बाराखडी गिरवत होते आणि संध्याकाळी विहारात पाचशे पानी ग्रंथ वाचत होते. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला वाटलं, शाळेतलं वाचन निराळं असेल.

मग पालकांना बोलावलं. आई कामाचा अर्धा दिवस मोडून आली. दाराबाहेर चप्पल काढून, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीला वाचता येत नाही."

"येतं की," आई म्हणाली. "रोज वाचती ती. विहारात."

"काय वाचते?"

"ग्रंथ."

गुरुजी हसले. वाईट हसले असंही नाही, माणूस लहान मुलाला हसतो तसे हसले. म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला वाचता येतं का?"

"न्हाय."

"मग ती वाचते की मनाचं सांगते, हे तुम्हाला कसं कळणार? साहेबांनी घड्याळ लावून तपासलंय. एका मिनिटात एक ओळ. लक्ष द्या तिच्याकडे."

मी आईच्या शेजारी उभी होते, तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता, आणि तो हात माझ्या खांद्यावरून अलगद निघाला. बाजार समितीसमोरून येताना लिलाव चालला होता, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या, चिखलाने आमच्या पोटऱ्या भरल्या. मी तिला सांगत होते, "आई, मी वाचलं होतं गं. त्यांनी हां म्हटलंच नाही." तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. पुढे मी ते सांगायचं सोडून दिलं.

त्याच संध्याकाळी ती काकांकडे गेली. मला वाटलं, भांडायला गेली. आमच्या घराला आणि काकांच्या घराला एकच कुडाची भिंत होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं. आई म्हणत होती, "दादा, सुजीला बसवू नका. तिला वाचता येत न्हाय. शाळेत सायबांनी सांगितलं."

काका म्हणाले, "अगं काहीतरीच काय! मी ऐकतो ना रोज. चांगली वाचते पोरगी."

"तुमची माया हाय म्हणून म्हणता. पण ग्रंथ हाय तो, दादा. चुकीचा वाचला तर आपल्यालाच दोष. पुनवंला पाव्हणं येणार. लोक हसतील."

काकांनी खूप समजावलं. पण शाळेचा शब्द आणि घड्याळ लावलेले साहेब, यांच्यापुढे एस.टी. आगारातल्या माणसाचं काय चालणार? "शिक, शिक" म्हणून आम्हाला सगळ्या समाजाने सांगितलं होतं. शाळेवर आईचा जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या कानांवर नव्हता. मला हे आता समजतं. समजलं म्हणून राग जात नाही. साहेबांवर आहे तसा थोडा आईवरही आहे, तो मी लपवत नाही.

शेवटचं पान मिलिंददादाने वाचलं. तो कॉलेजात होता, स्वभावाने चांगला होता, त्याच्यावर माझं काही नाही. मी पांढरा फ्रॉक घालून आईच्या शेजारी सतरंजीवर बसले. विहार माणसांनी भरला होता, बाहेर खिरीचं पातेलं उकळत होतं. मिलिंददादाने ग्रंथ उघडला आणि सुरू झाला. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारतात ना, तसा. कुठे थांबला नाही, कुठे अडला नाही. मी आईकडे बघत होते. पहिलं वाक्य झालं, तिचे ओठ हलले. हां म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. तोवर तो तिसऱ्या वाक्यावर पोचला होता. तिने तोंड मिटलं. मागच्या कुठल्याही बाईने हां म्हटलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या आणि मिलिंददादाला फूल मिळालं.

चांदणं पडलं होतं. खिरीची वाटी हातात घेऊन आम्ही घराकडे निघालो. आई खूश होती. खरोखर खूश होती, हेच मला सहन होत नाही. ती म्हणाली, "काय वाचलं मिलिंदानं! ह्याला म्हणत्यात वाचनं. मला एक अक्षर कळलं न्हाय."

मी वाटीतल्या खिरीकडे बघत चालले.

थोडं चालल्यावर ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "तू वाचायचीस तवा मला समदं कळायचं. माझ्यासारखीला समदं कळतंय, तवाच मला वळखाया पायजे होतं, का तू चुकीचं वाचतीस म्हणून."

मी खीर रस्त्यात ओतून दिली. तिने मला एक धपाटा घातला. एवढंच झालं. त्यानंतर ती विहारात जायची, पहिल्या रांगेत बसायची, हात जोडून शेवटपर्यंत ऐकायची. पण कुठल्याही वाक्याला तिने पुन्हा कधी हां म्हटलं नाही. नियम तिचा होता, तो तिनेच बंद केला.

आता ती आमच्याकडे असते. कांदा सुटला, वास गेला, गुडघे धरलेत. परवा नवरा लाल घड्याळ लावून बसला, तेव्हा ती कोपऱ्यात लसूण सोलत होती. वर्षावास आहे म्हणून पांढरं लुगडं नेसली होती. घड्याळ वाजलं तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "वा! लय पळती पोरगी." मी तिच्याकडे पाठ फिरवली.

काल मी बाईंना चिठ्ठी लिहिली. माझी मुलगी घड्याळावर वाचणार नाही, तुम्हाला हवी ती श्रेणी द्या, असं लिहिलं. खाली हसरा चेहरा काढला नाही. नवऱ्याशी त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणतो, पोरीचं नुकसान करते आहेस. करत असेन.

संध्याकाळी मैत्री पुस्तक घेऊन आजीसमोर बसली. मीच बसवली. तिला म्हटलं, "आज आजीला वाचून दाखव. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. आजीने हां म्हटलं की पुढे जायचं." मैत्रीला हा खेळ वाटला. तिने मांडी घातली, बोट ठेवलं आणि पहिलं वाक्य वाचलं. एका माकडाचं काहीतरी होतं. वाचून ती थांबली आणि आजीच्या तोंडाकडे बघू लागली. मी दारात उभी होते. माझ्या हातात पिठाची परात होती, ती मी खाली ठेवली नाही.

आईच्या हातातली लसणाची पाकळी थांबली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नातीकडे. तिला वाक्य कळलं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मग ती घाईघाईने पुढे वाकली आणि मैत्रीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "थांबू नको गं बाय माझी. मला कळंस्तोवर थांबू नको. वाच, वाच. घड्याळ चालू हाय."

टेबलावर घड्याळ नव्हतं. मी ते सकाळीच कपाटात टाकलं होतं.